भूल आणि दगडफूल

बारावीनंतर मला भूलशास्त्राच्या तंत्रज्ञ अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला त्या दिवशी आई भाकरी थापत होती. "कशाचं शिकणार म्हणालीस?" तिने विचारलं. मी म्हणाले, "भूल द्यायचं." तिचा हात परातीतच थांबला.

"लोकांस्नी भुलवायला कॉलेज कशाला लागतंय?" ती म्हणाली. "बिल्डर बिनशिकलेलेच करत्यात की ते."

दादा, म्हणजे माझे वडील, दारात चपला घालत होते. ते हसले आणि कामाला निघून गेले. मी आईला समजावत बसले. भूल मी स्वतः देणार नाही, ती डॉक्टर देतात. मी त्यांच्या शेजारी उभी राहून यंत्र तपासणार, नळ्या आणि सिरिंज हाताशी ठेवणार, मॉनिटरवर लक्ष ठेवणार. आमच्या घरात कॉलेजात गेलेलं कोणी नव्हतं. खरं सांगायचं तर मी जे समजावत होते ते मलाही पुरतं समजलेलं नव्हतं. आईने भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "बरं. पण आळीत कुणी विचारलं तर दवाखान्याचं शिकती आसं सांगीन."

आणि पुढे तिने तसंच सांगितलं. भूल हा शब्द तिने तोंडातून काढला नाही. तो तिला आवडत नव्हता, आणि त्याला कारण होतं.

मी शाळेत असताना आजी, दादांची आई, पाय घसरून पडली आणि तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं असं सगळे म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी तिने आईकडे बघून विचारलं, "तू कोणाची गं?" आईने तिला इतकी वर्षं जेवायला वाढलं होतं. आई म्हणाली, "तुमचीच." आजीने मान हलवली, पण ते तिला पटलेलं दिसलं नाही. घरी आल्यावर ती अधूनमधून आम्हाला ओळखायची, अधूनमधून नाही. मग तशीच राहिली. आई तिला भरवताना रोज नव्याने आपली ओळख सांगायची. "भुलेतनं पुरत्या माघारी आल्याच न्हाईत," असं ती एकदा शेजारणीला म्हणाली होती.

शब्दाचाही थोडा दोष आहे, असं मला वाटतं. एखादी गोष्ट विसरली तरी आपण भूल पडली म्हणतो, चूक झाली तरी भूल म्हणतो, आणि माणसाला कापण्याआधी जे देतात तीही भूलच. ज्याला लिहिता-वाचता येतं त्याला यात काही वाटणार नाही. तो सगळं कुठेतरी लिहून ठेवतो. आईला लिहिता येत नाही. तिचं जे काही आहे ते तिच्या डोक्यात आहे. आळीतल्या कुठल्या पोराचा जन्म कोणत्या सणाला झाला, कोणाची मुलगी कुठे दिली, कोणाला काय सोसत नाही. शिमगा झाला की आमच्या आळीत काळा मसाला सुरू होतो आणि बायका आईला बोलावून नेतात. ती ओट्यावर बसते आणि काय किती, काय आधी भाजायचं, काय शेवटी, हे सांगत जाते. एका दमात, न थांबता. धणे, जिरे, खोबरं, तीळ, दालचिनी, दगडफूल. तिचा मान तोच होता. आमच्या घराला आळीत दुसरा कसला मान नव्हता.

मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा आईच्या पोटात दुखायला लागलं. उजव्या बाजूला, बरगडीखाली, पाठीपर्यंत जाणारी कळ. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. दुर्बिणीतून ऑपरेशन करून पिशवी काढायची, असं सर्जन म्हणाले. आई म्हणाली, "मसाल्याचं होऊ दे." मसाले झाले. मग म्हणाली, "पाऊस होऊ दे." दिवाळी झाली. कळ आली की ती भिंतीला पाठ लावून बसायची आणि आम्ही बघतोय असं दिसलं की उठून भांडी घासायला घ्यायची.

शेवटी एकदा मीच विचारलं, "आई, तुला कापण्याची भीती वाटते का?"

"कापू देत की," ती म्हणाली. "पण मला इसरायला लावू नका."

मी शिकत होते म्हणून तिला वाटलं की मी तरी खरं सांगेन. तिने विचारलं, "तू सांग. तुझ्या पुस्तकात काय लिवलंय? माझं आजीवानी हुईल का?"

मला 'नाही' म्हणायचं होतं. पण तेव्हा आमच्याच विभागात नेमक्या याच गोष्टीवर काम चालू होतं. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम, ज्या स्वतः भूलतज्ज्ञ होत्या, पन्नाशी ओलांडलेल्या रुग्णांचा अभ्यास करत होत्या. भूल उतरल्यावर काही वृद्ध माणसं गोंधळतात, कुठे आहोत ते त्यांना कळत नाही, माणसं ओळखू येत नाहीत. बहुतेकांचं ते काही दिवसांत जातं. काहींचं रेंगाळतं. का, हे अजून नीट उलगडलेलं नाही. आम्ही विद्यार्थी रुग्णांना ऑपरेशनच्या आधी आणि नंतर तेच ते प्रश्न विचारायचो. नाव काय, आज वार कोणता, तुम्ही आत्ता कुठे आहात, महिने उलटे म्हणा. मी स्वतः कितीतरी आजी-आजोबांना हे विचारलं होतं, आणि एका निवृत्त मास्तरांना "मी शाळेत आहे, घंटा झाली का?" असं म्हणताना ऐकलं होतं. त्यामुळे माझ्या तोंडून 'नाही' निघेना.

मी म्हणाले, "मॅडमना विचारते."

"म्हंजी हुतंय," आई म्हणाली, आणि उठली.

मॅडम सदाशिव पेठेत वाढलेल्या. त्यांच्या बोलण्यात साखर कमी असायची. मी चाचरत सगळं सांगितलं. आजीचंही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हमी हवी असेल तर मिक्सर घ्यावा. त्याच्याबरोबर मिळते." मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, "घेऊन ये त्यांना. मीच बोलते."

आमचं हॉस्पिटल कोथरूड आणि कर्वेनगरच्या मधे कुठेतरी. आमचं घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, पालिकेत उशिरा गेलेल्या गावात. आई त्या बाजूला कितीतरी वर्षांत गेली नव्हती. तिचं माहेर तिकडचंच होतं. पण तिचे आई-वडील मी जन्मायच्या आधी गेले, मामाने जमीन विकून लांब फ्लॅट घेतला आणि मामाही गेला. मग तिकडे जाणार कोणाकडे? बसमध्ये आई खिडकीला नाक लावून बसली होती. "हितंच कुठंतरी आमचं हुतं," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "काय वळख लागत न्हाई बया." मग नुसत्याच इमारती येत राहिल्या आणि तिने बघणं सोडून दिलं.

मॅडम म्हणाल्या, "बसा आजी."

"आजी कोणाला म्हणता?" आई म्हणाली. "तुमच्याच वयाची आसंन मी. तुम्ही केस काळे करता येवढंच."

मला जमिनीत जावंसं वाटलं. मॅडम म्हणाल्या, "खरं आहे. बसा ताई."

मग त्या जे बोलल्या ते मी जसं आठवतं तसं लिहिते. त्या म्हणाल्या, "भूल हा शब्दच वाईट आहे. कोणी काढला कोण जाणे. मी पेशंट असते आणि मला कोणी सांगितलं असतं की तुला भूल देतो, तर मी पळून गेले असते. आम्ही विसरायचं औषध देत नाही. झोपेचं, दुखू नये म्हणून आणि अंग सैल राहावं म्हणून देतो. पण मेंदू म्हातारा होत आलेला असला की काहींना त्यातून बाहेर यायला वेळ लागतो. तुमच्या सासूबाईंचं तसं झालं असेल. तुमचं होणार नाही असं मी म्हणत नाही. ते होऊ नये म्हणून आज जे माहीत आहे ते सगळं करीन."

"काय काय करणार?" आईने विचारलं. भाजीवाल्याला विचारावं तसं.

मॅडमनी सांगितलं. वयस्कर माणसांना गोंधळात टाकणारी काही औषधं त्या देत नाहीत. कपाळावर एक पट्टी लावतात, तिच्यातून झोप किती खोल आहे ते यंत्रावर दिसतं, म्हणजे गरजेपेक्षा जास्त औषध जात नाही. या पट्टीने गोंधळ किती टळतो यावर जगभरात अजून वाद आहे, पण जास्त औषध न जाणं केव्हाही बरं. जाग आली की चष्मा लगेच द्यायचा, घरचं माणूस जवळ असू द्यायचं, खिडकीजवळची खाट द्यायची, दिवस आहे की रात्र हे माणसाला दिसलं पाहिजे. रात्री उगाच उठवायचं नाही.

आईने सगळं बोटांवर मोजून घेतलं. मग म्हणाली, "खिडकीचं पटलं."

ऑपरेशन ठरलं.

आदल्या दिवशी ती भरती झाली आणि प्रश्नांची वेळ आली. मॅडमनी मला बाजूला काढलं. "घरच्या माणसाला तू विचारायचं नाही. तू ओठांनी उत्तरं सांगशील." ते काम माझ्या मैत्रिणीकडे गेलं. ती खडकीच्या डिफेन्स क्वार्टर्समध्ये वाढलेली, अर्धं हिंदी अर्धं इंग्रजी बोलणारी, मनाने सरळ. मी खाटेच्या पायथ्याशी उभी राहिले.

"काकू, तुम्ही आत्ता कुठे आहात?"

आईने माझ्याकडे बघितलं. "दवाखान्यात."

"आता महिने उलटे म्हणायचे. शेवटच्यापासून."

"तुमचे का आमचे?"

मैत्रिणीला कळलं नाही. "कोणतेही चालतील."

आई सुटली. "फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष, कार्तिक, आश्विन, भाद्रपद..." चैत्रापर्यंत जाऊन थांबली आणि माझ्या मैत्रिणीकडे बघू लागली. मैत्रीण माझ्याकडे बघू लागली. "यार, हे बरोबर आहे का? मला चैत्र सोडून काही येत नाही."

"ह्या पोरीला बी सांग की उलटं म्हणायला," आई मला म्हणाली.

संध्याकाळी मी तिला खाण्याचं समजावलं. हे नीट समजवावं लागतं. आमच्याकडे एकदा एक काका सकाळी ऑपरेशनला आले होते. उपाशी आहात ना, विचारलं तर म्हणाले, "कडकडीत उपास आहे." आणि साबुदाण्याची खिचडी खाऊन आले होते, वर वाटीभर दही. ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं. भूल दिल्यावर पोटातलं अन्न वर येऊन श्वासनळीत जाऊ शकतं, म्हणून पोट रिकामं लागतं. श्वासनळीला उपासाचं आणि बिनउपासाचं हे कळत नाही. तेव्हापासून आमच्याकडे 'उपाशी या' असं कोणी म्हणत नाही. 'काहीही खायचं नाही, साबुदाणासुद्धा नाही' असं म्हणतात.

"साबुदाणा बी न्हाई?" आई म्हणाली. "वरी?"

"वरी पण नाही. सांगतील तोपर्यंत पाण्याचे घोट चालतील. पूर्वी तेही चालत नव्हतं, आता चालतं असं कळलंय."

"पाणी चालतं, वरी न्हाई," ती म्हणाली. "आन ह्या उपासाला देव कोणता?"

"मॅडम," मी म्हणाले. आई हसली. त्या दिवसांत ती फार हसत नव्हती, म्हणून ते लक्षात आहे.

सकाळी तिला आत नेलं. मी रोज त्या दारातून आत जायचे, त्या दिवशी बाहेर दादांच्या शेजारी बसले. दादा म्हणाले, "तुला आत घेत न्हाईत?" मी म्हणाले, "आज मी नातेवाईक आहे." त्यांनी मान डोलावली. आत काय चाललं असेल ते मला पायरी पायरीने माहीत होतं. तोंडावर मास्क धरलाय, आता नळीतून औषध जातंय, आता झोप लागली का म्हणून पापणीला बोट लावून बघतील. माहीत असल्याने धीर येतो असं लोकांना वाटतं. मला आला नाही. मैत्रीण मधेच बाहेर डोकावली आणि म्हणाली, "सगळं मस्त. कपाळावरची पट्टी काकूंच्या गोंदणावरच आली गं." आईच्या भुवयांच्या मधे लहानपणी गोंदलेलं हिरवं टिंब आहे. त्याच्यावर ती पट्टी असेल हे मला डोळ्यासमोर दिसलं, आणि मग मात्र जरा बरं वाटलं. का ते सांगता येत नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. आई दिवसभर झोपेत-जागी होती. माझा हात धरून होती, पण बोलत नव्हती. तिला चौथ्या मजल्यावर खिडकीजवळची खाट मिळाली. रात्री दादा थांबले आणि मला घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तेव्हा मैत्रीण वॉर्डात प्रश्न विचारायला गेलेली होती. नियमाप्रमाणे मी बाहेर थांबले. ती बाहेर आली आणि मला बघून तिचा चेहरा बदलला. तिला लपवता येत नाही.

"काय झालं?"

"काही नाही गं. बाकी सगळं परफेक्ट. महिने पण खटाखट. फक्त..."

"फक्त काय?"

"कुठे आहात विचारलं. तर म्हणाल्या, माहेरी."

मी तिच्या हातातल्या कागदाकडे बघितलं. ती म्हणाली, "एकच चुकलंय यार. होतं असं. आपण बघितलंय ना." आपण बघितलं होतं, म्हणूनच मला ते पटेना. मी भिंतीजवळच्या बाकावर बसले. मला आजीच दिसत होती, हातात चमचा धरलेली आई दिसत होती आणि तिचं ते 'तुमचीच' ऐकू येत होतं. आता माझी पाळी, असं वाटलं. आईला इथे मीच आणलं होतं. आई एका शब्दाला भीत होती आणि मी तो शब्द शिकायला गेले होते.

थोड्या वेळाने उठून आत गेले. आई खाटेवर नव्हती. सलाइनची दांडी धरून खिडकीशी उभी होती, पाठमोरी. दादा चहा आणायला गेले असावेत. मी जवळ गेले आणि जे विचारायचं नव्हतं तेच विचारलं. "आई, मी कोण?"

तिने वळून मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"आसं का इचारतीस?" ती म्हणाली. "भूल मला दिली का तुला?"

मी रडायलाच लागले. तिला काही कळेना. ती एका हाताने दांडी आणि एका हाताने मला धरायला बघत होती. "आगं, टाकं दुखत्यात माझं, आसं लोंबू नको. काय झालं?"

मी सांगितलं. की तू माहेरी आहे म्हणालीस.

"मग हाय की," ती म्हणाली. "हितं ये. बघ."

खिडकीतून खाली वाहनांनी भरलेला रस्ता दिसत होता. इमारतींच्या मधून वाकडा जाणारा. "हा रस्ता न्हाई. कालवा हाय. बुजवलाय त्यो. वाहत्या पाण्यावाचून आसं वळण कोण घेतंय? ह्या वळणावर आम्ही धुणं धुवायचो. रात्री जाग आली तवा नुसते दिवे दिसत हुते. उजाडल्यावर आधी ती टेकडी दिसली. मग ते बघ, दोन इमारतींच्या मधी, कळस. आमच्या म्हसोबाचा. तवा त्याला कळस नव्हता, पत्रा हुता. पण जागा तीच. म्हसोबापासून कालव्यापतुर आमचं. आन खाली बघ."

खाली पार्किंगच्या कोपऱ्यात चिंचेचं झाड होतं. मी रोज त्याच्याखालून जायचे.

"चिंचंची पट्टी म्हणायचे ह्याला. माझ्या आज्यानं लावलेली चिंच." ती थोडा वेळ बघत राहिली. "बसमधनं आले तवा कळलं न्हाई. खालनं काय कळत न्हाई आता. वर चढल्यावर कळलं."

"मग तिला दवाखान्यात आहे म्हणायचं ना, आई. आदल्या दिवशी तसंच म्हणालीस."

"आदल्या दिशी म्हायत नव्हतं. आन दवाखान्यात हाय हे काय सांगायचं? तिला दिसत न्हाई का? मला वाटलं, जागा इचारती."

मॅडम राउंडला आल्या तेव्हा मैत्रिणीने त्यांना आधीच सांगितलेलं होतं. मी चाचरत बाकीचं सांगितलं. मॅडम खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. आई त्यांना कळस आणि वळण दाखवत होती. मॅडमनी विचारलं, "त्या टेकडीच्या अंगाला, पिवळी इमारत दिसते का? मी तिथे राहते. ते कोणतं शेत?"

आईने डोळे बारीक केले. "ती खडकाळी. तितं काय पिकायचं न्हाई. पाणीच न्हाई त्या अंगाला."

"अजून नाही," मॅडम म्हणाल्या. "टँकर येतो."

मग त्या माझ्या मैत्रिणीकडे वळल्या. मैत्रिणीने आशेने विचारलं, "मॅडम, मग बरोबर धरू?" मॅडम म्हणाल्या, "नाही. आपण ठरवलेलं उत्तर त्यांनी दिलेलं नाही. आपल्याला आवडलं म्हणून बदलायला लागलो तर अभ्यास कशाला करायचा? चूकच धर. खाली शेरा लिही, आणि पुढच्या पेशंटसाठी प्रश्न काय करायचा ते दोघी मिळून मला सांगा."

"म्हंजी मी नापास?" आई म्हणाली.

"एका प्रश्नात."

"माहेरी येऊन," आई म्हणाली आणि खाटेवर बसली. पण तिला वाईट वाटलेलं दिसत नव्हतं. प्रश्न आम्ही नंतर बदलला. 'ही इमारत कशाची आहे?' असा केला. दोन-तीन वेळा मॅडमनी परत पाठवला, मग मान्य केला. माझ्या शिक्षणातलं मी केलेलं पहिलं काम तेच, असं मी समजते. कोणाला सांगण्यासारखं ते नाही.

ती दोन दिवस आणखी तिथे होती. खिचडी, चहा, औषध सगळं खाटेवर येत होतं आणि कोणी तिला उठवत नव्हतं. दादांनी घरी जायचं विचारलं तर म्हणाली, "जरा ऱ्हाऊ द्या की. माहेरपण हाय माझं." दादा म्हणाले, "मग मी जावई. मला साधा चहा बी कुणी इचारंना."

निघताना ती चिंचेखाली थांबली. झाडाला गाभुळलेल्या चिंचा होत्या. दादांनी वाकवलेल्या फांदीवरून तिने दोन-चार तोडल्या आणि पदरात घेतल्या. सुरक्षारक्षक खुर्चीवरून म्हणाला, "आजी, झाड दवाखान्याचं आहे."

"झाड माझ्या आज्याचं हाय," आई म्हणाली. "दवाखाना झाडाखाली आलाय."

तो आमच्याकडे बघत राहिला. मग बहुधा आईच्या हातावरची सलाइनची चिकटपट्टी बघून म्हणाला, "बरं, न्या." त्यालाही वाटलं असेल की अजून भूल उतरलेली नाही.

इथे संपवलं असतं तर बरं झालं असतं, पण ते पूर्ण खरं झालं नसतं. घरी आल्यावर काही दिवस आई शब्दांना अडखळत होती. समोरच्या वस्तूकडे हात करून 'ते हे' म्हणायची. एकदा शेजारणीच्या नातवाचं नाव आठवेना, तेव्हा ती दुपारभर कोणाशी बोलली नाही. मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, होतं असं काहींचं, येईल परत, वाट बघा, आणि तिला आठवून देऊ नका घाईने. मी विचारलं, नक्की येईल? त्या म्हणाल्या, "बहुतेक." त्यांच्या तोंडून तो शब्द म्हणजे पुष्कळ होता.

शिमगा झाला होता. आळीतल्या बायका मसाल्याला कधी बसायचं म्हणून विचारून जात होत्या. आई आज नको, उद्या बघू, असं करत होती. ती कशाला टाळतेय ते फक्त मला कळत होतं. ऑपरेशनच्या आधीही ती असंच टाळायची.

मग एके सकाळी तिने स्वतःच पदर खोचला आणि समोरच्या ओट्यावर जाऊन बसली. बायका जमल्या, चूल पेटली. मला कॉलेजला जायचं होतं, तरी उंबऱ्यात थांबले. आईने सुरू केलं. धणे इतके, मंद आचेवर. मग जिरे. खोबरं वेगळं भाजा, करपवू नका. तीळ. दालचिनी, लवंग. आणि मग ती थांबली.

कढईत काहीतरी तडतडत होतं. कलथा धरलेली बाई तिच्याकडे बघत होती. मला पुढचं माहीत होतं. ते माझ्या ओठांवरच होतं. मॅडम म्हणाल्या होत्या तशी मी ओठांनी सांगणारी मुलगी. मी तोंड घट्ट मिटलं आणि दाराची चौकट धरून उभी राहिले. आई समोर बघत होती, लांब, जणू कुठल्या खिडकीतून कळस शोधतेय अशी.

"दगडफूल," ती म्हणाली. मग जरा रागाने, "दगडफूल घाल की गं, बघतीस काय माझ्या तोंडाकडं? लवंग करपली."

मी बॅग उचलली आणि बस पकडायला निघाले. कोपऱ्यापर्यंत तिचा आवाज येत होता, नाकेश्वर, मसाला वेलची, जायपत्री, आता न थांबता.